मोहाखाली न उडालेली काडतुसं

आंबागडच्या टिकाराम पारधीकडे वडिलांचं रिव्हॉल्वर होतं. मधून वाकवून काडतुसं भरायचं, जुन्या विलायती घडणीचं. लायसन्सही वडिलांमागे त्याच्या नावावर झालं होतं. दसऱ्याला ते पाटावर मांडलं जाई. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड यांच्या रांगेत त्याची काडतुसंही असत. बायको चंद्रकला सगळ्यांना सारखंच तिळाचं तेल चोपडून कुंकू लावायची. लोखंड काय, पितळ काय, पूजा एकच.

त्या रिव्हॉल्वरची काडतुसं नागपूरच्या दुकानात मिळेनाशी झाली तेव्हा तुमसरचा भैय्यालाल मदतीला आला. त्याच्याकडे नवं पिस्तूल होतं. त्याची दोन काडतुसं त्याने टिकारामच्या तळहातावर ठेवली.

"माह्या रिव्हॉल्वरले चालतीन का?"

"बसवून पाय. बसली का चालली."

बसली. टिकारामने फिरत्या चक्रातली पुढची दोन घरं जुन्या, तेल लागलेल्या काडतुसांनी भरली, मागाहून ही दोन. पाचवं घर रिकामं राहिलं.

एकोणऐंशीच्या चैत्रात गावात अस्वलाची धास्ती होती. मोहफुलं पडायला लागली की माणसं आणि अस्वलं एकाच झाडाखाली जमतात. नुकतंच एका अस्वलाने गुराख्याचं तोंड फाडलं होतं. टिकाराम उजाडायच्या आत बांधावरच्या आपल्या मोहाकडे निघाला तो रिव्हॉल्वर कमरेला लावूनच.

झाडाखाली काळं काहीतरी वाकून पाला चिवडत होतं. टिकाराम जागीच थिजला. ते त्याच्याकडे वळलं तशी त्याने चाप ओढला. नुसता खटका वाजला. पुन्हा ओढला. पुन्हा खटका.

"कोण हाय जी तिकडं?"

आवाज लीलाबाईचा. त्याच्या शेताच्या बांधाला लागून तिचं शेत. पहाटेच्या गारव्यामुळे तिने नवऱ्याचं काळं घोंगडं डोक्यावरून घेतलं होतं. टिकारामचा हात खाली आला.

"लीलाबाई, मी... मले अस्वल वाटलं."

तिने त्याच्या हातात काय आहे ते पाहिलं. मग म्हणाली, "अस्वल टोपली घेऊन येते का जी, टिकारामभाऊ?"

तो खाली बसला. लीलाबाईने टोपली उचलली, दोन पावलं गेली आणि तीही बसली.

त्याच आठवड्यात टिकाराम भंडाऱ्याला गेला. पोलीस शस्त्रागारातले जमादार ईश्वर यांनी रिव्हॉल्वर मधून उघडून काडतुसं टेबलावर काढली. जुन्या दोघांच्या बुडावर रिव्हॉल्वरच्या घोड्याचा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीचा, ठसा स्पष्ट होता.

"यायले तेल कोणं लावलं?"

"घरच्यांनी. दसऱ्याले."

"बुडाच्या टोपीतून तेल आत गेलं. दारू पेटलीच नाही." मग त्यांनी नवी दोन उचलली. "आन हे? हे पिस्तुलाचे हायत. कायले भरले?"

"बसली म्हणून."

"बसतीन ना. पण याचा जोर तुमच्या बुढ्या रिव्हॉल्वरले सोसत नाही. पिस्तूल तेवढ्यासाठी घडवलेलं असते. हे फुटलं असतं, तं तुमचा पंजा गेला असता. नसतं फुटलं तं समोरचा माणूस गेला असता." जमादारांनी मान वर केली. "दोनदा चाप ओढला म्हणता. तिसऱ्यांदा काहून नाही ओढला?"

"लीलाबाई बोलली."

जमादारांनी नवी काडतुसं बाजूला सारली आणि त्याला पाणी दिलं. मग म्हणाले, या मापाची बरोबर काडतुसं अजून बनतात, अर्ज केला तर मिळतील.

"नको जी. जमा करून घ्या."

"बापाची निशाणी हाय ना?"

"हाय. पण लीलाबाई जित्ती हाय, मले तेवढं पुरे."

पावती खिशात घालून तो बाहेर पडला. स्टँडसमोरच्या दुकानातून त्याने पत्र्याचा एक रिकामा डबा मागून घेतला. दुसऱ्या पहाटेपासून मोहाकडे जाताना तो डबा बडवत जाऊ लागला. बांधापाशी आला की थांबायचा आणि हाक मारायचा, "लीलाबाई, आलात का जी?"

पलीकडून ओ आली की मगच पुढे जायचा.