आईच्या नावावरच्या चुका

घाईबाईला गणित येत नव्हतं असं नाही हो. रीत ठाऊक, पाढे तोंडपाठ, आणि शेवटच्या ओळीत सात नि पाच अकरा. पुस्तकातले छप्पन्न कागदावर उतरेपर्यंत पासष्ट व्हायचे. गुणाकाराच्या जागी बेरीज करायची, तीही हातचा विसरून. तिचं खरं नाव चांगलं होतं, पण घरात ती घाईबाईच.

तिची आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, आणि कापडाचे गठ्ठे बाजूला सारून मांडलेली लेकीची शाळा. दम्यापायी पोरीचं वर्ष बुडालं, तेव्हा आईने तिला घरीच शिकवायला घेतलं. दमा गेला, पण तोवर आईलाच लेकीची सवय झाली. रिकाम्या खोलीत एकटीने मशीन चालवायची कल्पनाही तिला सोसवेना. अडचण एकच. वर्षाखेरीस शिक्षण कार्यालयात जाऊन पेपर द्यायचा, आणि नापास झाली की परत शाळेत.

"गणितात उडणार ती," बस चालवणारे वडील जेवताना म्हणाले, आणि त्यांनी मीठ मागितलं.

आईने सगळं करून पाहिलं. चौकटींचा कागद आणला, एका चौकटीत एकच आकडा. घाईबाईने एकीत दोन बसवले, जागा होती म्हणून.

"तपासलंस?"

"तपासलं." डोळे खिडकीबाहेर. आईने कपाळाला हात लावला.

मग एका दुपारी आई झग्याला बाही जोडत होती. पलंगावर लोळत पडलेल्या या बयेने नुसती नजर उचलली.

"आई, उलटी लावतेयस."

खरंच उलटी होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते काही खोटं नाही. आईने बाही उसवायला घेतली आणि उसवता उसवता तिला सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा. गणितं सोडवून झाली की कागदावर सगळ्यात वर लिहायचं, 'आई'. म्हणजे ही गणितं आईने सोडवली. आता हिने आईच्या चुका काढायच्या.

घाईबाई कागद घेऊन बसली ती सुनेचा स्वयंपाक चाखायला बसलेल्या सासूसारखी. "हातचा कुठे गेला, आई? वजाबाकी आहे ना ही? लक्ष कुठे असतं तुझं?"

"चुकलंच माझं," आई म्हणायची आणि मशीन चालवायची. एरवी हीच वाक्यं तिची असायची. आता ती लेकीच्या तोंडून ऐकावी लागत होती, पण चुका निघत होत्या. आईने पोरीच्या सगळ्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या. आईलोकांना त्याचं विशेष वाटत नाही.

पेपरच्या दिवशी आई कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसली. शेजारी पिशवी. बऱ्याच वेळाने परीक्षक बाईंनी तिला आत बोलावलं. घाईबाई टेबलाशी उभी होती.

"गणितं सगळी बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. आईला एकदम हलकं वाटलं. "पण हा पेपर कोणाचा?"

नावाच्या जागी लिहिलं होतं, 'आई'.

"नियमाने हा बाद होतो. नाव नाही, तर विद्यार्थीही नाही."

आईच्या तोंडून सवयीने निघालंच, "चुकलंच माझं."

"नाही," घाईबाई म्हणाली. तिने कागद स्वतःकडे ओढला आणि ते नाव नीट पाहिलं. "ही माझी चूक आहे."

आपली चूक तिला आपली म्हणून पहिल्यांदाच दिसली होती. आईला भरून आलं, आणि ते लपवायला ती भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. "तर मग दुरुस्त कर," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांनी पेन पुढे केलं. घाईबाईने 'आई' खोडलं, खाली स्वतःचं नाव लिहिलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून ते तपासलं आणि मगच कागद परत दिला. बाईंनी त्यावर 'उत्तीर्ण'चा शिक्का मारला.

दोघी पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्या. आई डोळे पुसत पुढे चालली होती. घाईबाई थांबली.

"आई, पिशवी बाकावरच राहिली. लक्ष कुठे असतं तुझं?"