उष्ट्या हळदीची वाट

उद्या रविवारी लग्न, आज हळद. नवऱ्यामुलाला लावून उरलेली हळद आल्याशिवाय नवरीला लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. माझी भाची मुक्ता पाटावर बसून केव्हाची दाराकडे बघत होती. कॉलेजपासून दोघं एका डब्यात जेवत आलेली. त्याच्या उष्ट्याचं तिला काय नवल? पण आजची वाटी त्याच्या आईनं पाठवायची होती, आणि त्यांना हे लग्न मनापासून पटलं नव्हतं.

"मावशी, नाहीच पाठवली तर?"

इतक्या वर्षांचं प्रेम, आणि बोटभर हळदीसाठी जीव टांगणीला!

तेवढ्यात त्याच्या आई स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातल्या वाटीवर ओलं फडकं होतं.

"उन्हातून आणली," त्या धास्तावून म्हणाल्या, "वाळली नाही ना गं?"