सोड्यांच्या डब्यातला बेडूक

आज नागावच्या घरी सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा डबा उघडला आणि शाळेच्या सुट्टीतला तो डाव आठवला.

आमच्या राक्षस-योद्ध्यांच्या पत्त्यांत माझा ड्रॅगन सगळ्यांत भारी. पण तो मी आईच्या सोड्यांच्या डब्यात लपवायचे. त्यामुळे माझ्या हातात आला की तिघं भावंडं वासावरूनच ओळखायची आणि मिळून मला हरवायची.

त्या खेपेला मी ड्रॅगन आठवडाभर उन्हात ठेवला आणि डब्यात बेडकाचा फुटकळ पत्ता.

डावात बेडूक माझ्या हातात आला आणि सोड्यांचा वास सुटला. "आला हाय तिचा ड्रॅगन, मारा!" विजूदादा ओरडला. तिघांनी होते नव्हते ते योद्धे माझ्यावर उधळले. मी कशीबशी तगले, आणि मग ड्रॅगन टाकला. तिघंही गारद! विजूदादा ड्रॅगनचा पत्ता नाकाला लावून हुंगतच राहिला.

ड्रॅगन पुढे कुठे हरवला, कोण जाणे. बेडकाला मात्र मी अजून डब्यातून हलवलेलं नाही.