रक्त मिळवून देणारे चाचा

"कोणता ग्रुप?" ओळखपाळख व्हायच्या आधी चाचा हे विचारायचे आणि उत्तर मिळालं की माणसाचं खरं नाव खुशाल विसरायचे.

गारखेड्यात त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. समोरून जाणाऱ्याला ते 'ओ निगेटिव्ह, चहा घेऊन जा' अशी हाक मारत. मी आयसीयूत नर्स, ग्रुप एबी. "ब्रदर, तुम्ही घेणार सगळ्यांचं, देणार फक्त आपल्यावाल्यांना," असं ते मला चारचौघांत ऐकवत. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याचा नंबर संकटात आधी आठवतो. वैजापूरकडून, अजिंठ्याकडून आलेले नातेवाईक रक्तपेढीबाहेर हातपाय गाळून बसलेले असत आणि चाचा ओळखीतले रक्तदाते घेऊन हजर होत. "रक्त चढलं की माणूस उठतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर त्यांचा पुरता विश्वास होता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या अम्मी आमच्याकडे दाखल झाल्या. गुडघेदुखीच्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात अल्सर झाला होता आणि त्यातून रक्त जात होतं. रक्त चढवलं, स्राव थांबला, चेहऱ्यावर रंग आला. चाचांनी खाली आणखी रक्तदाते उभे करून ठेवले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता पुरे. अम्मी पडून आहेत, त्यात गरज नसताना रक्त चढवलं तर गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. चाचा नुसते हसले. रक्त जास्त झाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मींची डावी पोटरी सुजलेली दिसली. सोनोग्राफीत गुठळी निघाली. रक्त पातळ करायचं औषध द्यावं तर अल्सर पुन्हा वाहायची भीती, न द्यावं तर गुठळी सुटून फुप्फुसात जायची. डॉक्टरबाई वरिष्ठांशी बोलायला गेल्या. मी चाचांना बाजूला घेऊन बजावलं, त्या पायाला हात लावायचा नाही, गुठळी हलली तर जिवावर बेतेल. त्यांनी मान हलवली.

भेटीच्या वेळेला ते आत आले. अम्मी कण्हत होत्या. दुकान बंद करून घरी गेलं की आधी आईचे पाय चेपायचे, मग ताटावर बसायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. अम्मींनी तेच मागितलं. "पांव जरा दाब रे, बेटा."

मी समोरच्या बेडचं सलाइन बदलत होतो. वळून पाहिलं तर चाचांचे दोन्ही हात चादरीखाली होते. मी धावलो. तेवढ्यात अम्मींना धाप लागली, मॉनिटर वाजू लागला. आम्ही होतं नव्हतं ते सगळं केलं. त्या गेल्या.

"अम्मीला नाय कसं म्हणायचं, ब्रदर?" चाचा एवढंच म्हणाले. गुठळी आपोआपही सुटते, नक्की काहीच सांगता येत नाही, असं डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं. मीही तेच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

कबरस्तानात मी गेलो होतो. मय्यत उतरवायची वेळ आली. चाचांचा धाकटा भाऊ कबरीपाशी वाकून म्हणाला, "भाईजान, पांव की तरफ से पकडो."

चाचा मागं सरकले. दोन्ही हात त्यांनी बगलेत घट्ट दाबून धरले होते.

"तेरे लडके कू बुला," ते म्हणाले. "मेरे हात से नको."