ताईने आणलेलं जंगल

कुमुदताई गेली त्याला आता महिना होत आला. सकाळी ब्राह्मणपाऱ्यातल्या तिच्या घरून भाडेकरणीच्या मुलीचा फोन आला, "आजी, ताई उठून नाही राहिल्या." मी शंकर नगरातल्या माझ्या घरून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाळांनो, तुम्ही दूर आहात. वर्तमानपत्रातल्या दोन ओळींवरून तुमची ही मोठी आजी तुम्हाला कळणार नाही, म्हणून लिहिते आहे.

ताई माझी थोरली बहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुटी लागली की झाडं गोळा करायला बस्तरच्या जंगलात जायची. तेव्हा आमच्याकडच्या बायका एकट्या शेजारच्या दुर्गलाही जात नसत. पोट्टी लग्नाच्या वयात गवत आणून राहिली, असं नातेवाईक म्हणायचे. ती हसायची, "गवताले हुंडा नाही लागत." आणलेली झाडं ती रद्दी कागदांत दाबून वाळवायची, रोज कागद बदलायची, मग एकेक झाड जाड कागदावर चढवून खाली नाव आणि ठिकाण लिहायची. वाळकं झाड जपून काय करायचं, असं मी एकदा विचारलं.

"उद्या डोंगरच नाही राहिला, तर लोकाईले दाखवशील काय?"

डोंगर खरंच राहिला नाही… तिथे खाण झाली. तिथली काही झाडं उरली ती फक्त कॉलेजच्या कपाटात. निवृत्तीनंतरही ताई दर पावसाळ्यात जाऊन कसर लागली का ते बघून यायची. पाय थकले तेव्हा ते थांबलं.

शोकसभेत प्राचार्यांनी सांगितलं की ताईच्या नावाने एक दालन केलं आहे. मला बरं वाटलं. दालनात भिंतभर चौकटी होत्या आणि काचेमागे ताईचं वळणदार अक्षर. झाडं कुठे आहेत, मी विचारलं.

"मैडम, सूखे पत्ते झड़ रहे थे, तो निकलवा दिए। दीदी की लिखावट इतनी सुंदर थी, वो बचा ली।"

ते हे कौतुकाने सांगत होते. ज्यांनी ते कपाट कधी उघडलं नाही, त्या सगळ्यांची भाषणं झाली. मला शाल मिळाली आणि आठवण म्हणून एक चौकट.

ती माझ्या खोलीत आहे. ताई झाडाची काडी नुसती चिकटवत नसे, पांढऱ्या दोऱ्याने कागदावर शिवायची. खाली झाडाचं नाव आहे, डोंगराचं नाव आहे. वर फक्त दोऱ्याचे टाके, अजून घट्ट, आणि त्यांच्यात काही नाही.