इलाइतियाचं मागून आणलेलं कार्ड

नौसोरीच्या पुलापलीकडे राहणाऱ्या इलाइतियाने अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात एकही पाना विकत घेतला नव्हता, आणि हे तो लाजत नव्हे, मिरवत सांगायचा. टेलिफोनच्या तारा ओढण्यात नोकरी सरली, घर झालं. पण घरातली शिडी चुलतभावाची, करवत चर्चच्या पाळकांची आणि कुत्रा शेजाऱ्याचा. नातलगाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही आम्हा फिजीतल्या लोकांची रीत. तिला केरेकेरे म्हणतात. रीत चांगलीच आहे, तिच्यामुळे इथे कुणी उपाशी निजत नाही. फक्त काही माणसं जन्मभर देत राहतात आणि काही घेत राहतात. इलाइतिया कुठल्या पंक्तीतला हे सांगायला नको.

थेट मागणं त्याला असभ्य वाटे. आधी तब्येतीची चौकशी, मग पावसाची, मग रग्बीच्या सामन्यात पंच कसा आंधळा होता ते. शेवटी चपलेत पाय घालता घालता सहज आठवल्यासारखं, "अरे हो, तुझं ते ड्रिल पडूनच असेल ना?" ताकाला जाऊन भांडं लपवावं तर इलाइतियानेच. समोरचा भांडं शोधून, ताक भरून, वर दारापर्यंत पोचवायला यायचा.

यंदा मात्र त्याला द्यायचं होतं. मुलगी मेरेसेइनी ऑस्ट्रेलियात, टाउन्सव्हिलला नर्स. शनिवारी तिचं लग्न, आणि आईबापाचे व्हिसाचे कागद काही वेळेत आले नाहीत. तेव्हा त्याने ठरवलं की लग्न आपल्या बैठकीत टीव्हीवर बघायचं. सगळ्या नातलगांना बोलवायचं, चटया अंथरायच्या, जमिनीतल्या भट्टीत डुक्कर भाजायचं.

"एकदा तरी लोक माझ्या दारात येऊ देत," तो बायकोला म्हणाला.

"येतात की," उनाइसी म्हणाली. "आपापल्या वस्तू परत न्यायला."

अडचण होती कॉम्प्युटरची. तो अकरा वर्षांचा. त्याच्या पाठीला पडद्याची वायर लावायला एकच जुनं निळं भोक, आणि निवृत्तीला ऑफिसने दिलेल्या टीव्हीला ती वायर बसेना. ग्राफिक्स कार्ड घातलं की नव्या वायरीचं भोक मिळेल, असं कळलं. सिडनीच्या मावसभावाशी फोनवर रग्बीच्या गप्पा झाल्या, आणि पंधरा दिवसांत कुणाच्या तरी सामानातून कार्ड आलं.

सोमवारी त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतून पालीची दोन अंडी आणि अकरा वर्षांची धूळ निघाली. कार्ड विटेएवढं, आत मावेना. मग हार्ड डिस्कचा पिंजरा काढून त्याने डिस्क सुतळीने टांगली. कार्ड बसलं. तेवढ्यात दिसलं की त्याला स्वतःची वेगळी वीज लागते, सहा भोकांच्या वायरीतून, आणि जुन्या पॉवर सप्लायला तसली वायरच नाही. इलाइतियाने यंत्राला गोडीगुलाबीने दोनदा चालू-बंद करून पाहिलं. पण यंत्राला नातं कळत नाही, हीच तर त्याची खोट.

मंगळवारी तो आतेभावाकडे, एरोनीकडे गेला. आमच्याकडे आते-मामे भावांनी एकमेकांची टर उडवायची असते. कुणी उडवली नाही तर दुसऱ्याला वाटतं, हा रागावलाय.

"एरोनी, तब्येत कशी?"

"तू येईपर्यंत बरी होती. काय नेणार आज?"

"अरे, भेटायला आलो. पाऊस काय म्हणतो?"

"पाऊस म्हणतो, बायकोला सांग भांडी मोजून ठेव."

अर्ध्या तासाने इलाइतिया चपला घालायला उठला, तेव्हा एरोनीच म्हणाला, "बोल लेका, पाय दुखले तुझे उंबऱ्यात." आणि त्याने स्वतःच्या धडधाकट कॉम्प्युटरमधून पॉवर सप्लाय काढून दिला. नाही कसं म्हणणार? आता त्याचा कॉम्प्युटर बंद पडला, पण ते पुढचं दुखणं. त्यासाठी तो कुणाकडे तरी मागेल.

बुधवारी सगळं जोडलं. पंखे असे फिरले की कोपऱ्यातलं कॅलेंडर हललं. टेबलावरचा जुना पडदा मात्र काळा ठिक्कर. तेव्हा एरोनीला बोलावणं गेलं. तो आला, मुळी कुटून केलेल्या यांगोना पेयाचा वाडगा मध्ये ठेवला गेला, आणि दोघे त्या लाकडी वाडग्यातून करवंट्या भरभरून पीत निदान करायला बसले. जिभा बधिर होऊ लागल्या तसतसं निदान खोल जाऊ लागलं.

"रॅम घास," एरोनी म्हणाला. रॅम खोडरबराने घासली. काळं.

"ती नाण्याएवढी बॅटरी काढ. दहा मिनिटं थांब. याला सगळं विसरू दे."

"विसरला तर मग लक्षात काय राहणार?"

"तुझ्यासारखंच. कुणाचं काय आणलंय ते सोडून सगळं."

बॅटरी काढली, घातली. काळंच. कार्ड चार वेळा उपसून पुन्हा बसवलं. मग एरोनीने जाहीर केलं की सिडनीवाल्याने बिघडलेलं कार्ड गळ्यात मारलं. इलाइतियाचा चेहरा पडला. त्या रात्री मेरेसेइनीचा फोन आला, "बाबा, दिसेल ना तुम्हाला?" तो म्हणाला, "दिसेल गं, कार्ड जरा रुसलंय." मुलीचं लग्न चुकणार या भीतीने त्याला खरोखर जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी उनाइसी टेबलामागे झाडत होती.

"मी विचारू का एक? रागावू नका," ती म्हणाली. "कार्ड नवं घातलंत ना? मग पडद्याची वायर अजून जुन्याच भोकात कशी?"

इलाइतिया खाली वाकला. कालपासून नवं कार्ड आपल्या भोकातून इमानेइतबारे चित्र पाठवत होतं, आणि दोन शहाणे यांगोना पीत कार्ड बसताच बंद झालेल्या जुन्या दाराकडे टक लावून बसले होते. त्याने टीव्हीची वायर कार्डाला जोडली. टीव्ही उजळला.

"हे मी आज करणारच होतो," तो म्हणाला.

"हो, मी फक्त झाडत होते," उनाइसी म्हणाली.

बातमी संध्याकाळपर्यंत पूल ओलांडून गेली. एरोनीने ती स्वतःच्या नावावर सांगितली. इलाइतियाने चाळीस माणसांना आवतण दिलं आणि बैठकीत नव्या चटया पसरल्या. त्या उनाइसीने स्वतः विणलेल्या होत्या, कुणाकडून मागून आणलेल्या नव्हत्या. त्यांच्यावरून तो उगाचच चार वेळा चालून आला.

शुक्रवारी दुपारी भाचा आला. वाइसाले, इलाइतियाच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, बेचाळीस वर्षांचा, बंदरावर कस्टममध्ये साहेब. आमच्यात बहिणीच्या मुलाचा मामाच्या घरातल्या कुठल्याही वस्तूवर हक्क असतो. जुन्या काळी भाचा मामाच्या गावात शिरला की लोक डुकरं दडवायचे, असं म्हणतात. आता तो हक्क कुणी फारसा बजावत नाही, पण वाइसालेला जुन्या रीतींचा अभिमान.

"मामा, तब्येत कशी?" वाइसालेने विचारलं. मग पाऊस झाला. मग रग्बीचा पंच झाला. इलाइतियाची नजर भाच्याच्या चपलांकडे गेली, कारण ही वाट त्याच्याइतकी कुणाच्या पायाखालची नव्हती.

चपलेत पाय घालताना भाचा म्हणाला, "अरे हो, मामा, माझं कार्ड जळालं. रविवारी मित्र रग्बीचा गेम खेळायला येणार होते. तुमचं ते... उद्याचं लग्न मोबाइलवर दिसेलच की."

इलाइतियाने तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द त्याला ऐकून ठाऊक होता, पण तो कसा म्हणायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने कुणाला शिकूही दिलं नव्हतं. त्याने एरोनीचा पेचकस घेतला, कार्ड काढलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि हसत भाच्याच्या हातात दिलं.

उनाइसी दारात येऊन उभी राहिली.

"वाइसाले, बायको उद्या घरी आहे ना तुझी?"

"आहे की, मामी."

"आणि टीव्ही आमच्याहून मोठा, नाही का?"

"दुप्पट," भाचा फुशारकीने म्हणाला आणि फसला.

"बरं झालं. मग लग्न तुझ्याकडेच. आम्ही चाळीसजण तीनला येतो. डुक्कर तू बघ, भट्टी सकाळीच पेटव."

"चाळीस?"

"पंचेचाळीस धर. एरोनीची माणसं मोजायची राहिली."

वाइसालेने मामाकडे पाहिलं. मामा टेबलाखाली एक स्क्रू शोधत होता. वाइसालेने काखेतलं कार्ड सावरलं आणि नाही म्हणता येत नाही तेव्हा माणसं म्हणतात तेच म्हणाला, "या ना, मामी."

शनिवारी पंचेचाळीस नव्हे, साठ माणसं आली. वाइसालेची बायको नवऱ्याशी एक शब्द बोलत नव्हती. डुक्कर कमी पडलं, तेव्हा एरोनीने यजमानाला डब्यातले मासे आणायला पिटाळलं. उनाइसीच्या चटया इथेही आल्या होत्या. इलाइतियाला मात्र सोफ्यावर, पाहुण्यासारखं मधोमध बसवलं होतं. चारला टीव्हीवर मेरेसेइनी आली. पांढऱ्या पोशाखातली त्याची मुलगी भिंतभर उभी होती आणि केसांतलं फूलसुद्धा स्पष्ट दिसत होतं. इलाइतिया मोकळेपणी रडला. मुलीच्या बापाने अशा वेळी नाही तर केव्हा रडावं?

विधी आटोपल्यावर ती कॅमेऱ्याजवळ आली. नातलग एकेक ओळखत गेली आणि मग थबकली.

"बाबा, हा सोफा कुणाचा? कुणाच्या घरी आहात तुम्ही?"

वाइसाले दारात माशांचे डबे घेऊन उभा होता. लोकांच्या शिड्या, करवती, ड्रिल उचलताना इलाइतियाने एक शब्द जन्मभर वापरला होता, कधी जीभ अडखळली नव्हती. आज पहिल्यांदा ती अडखळली.

"आपलंच गं," तो म्हणाला.

मेरेसेइनी त्याचीच मुलगी. तिने क्षणभर बापाकडे पाहिलं.

"म्हणजे कार्ड गेलं," ती म्हणाली.