शेजारच्या खाटेवरची गायिका

वर्तमानपत्राच्या कचेरीत 'आजचे वाढदिवस' हा रकाना मुद्रितशोधक तपासायचे. वर्षातून एकदा, नेमका त्यांच्याच वाढदिवशी, त्यात एका नामवंत गायिकेचा फोटो यायचा. दोघं एकाच दवाखान्यात, एकाच सकाळी जन्मलेले. "तिची आई माझ्या शेजारच्याच खाटेवर होती," असं आई कौतुकानं सांगायची, तेव्हा मुद्रितशोधकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला जगानं डोक्यावर घेतलं होतं आणि यांना वाढदिवसाला कुणी साधा चहाही विचारत नव्हतं.

यंदा मजकूर हाती आला, तर गायिकेचं वय दिलं होतं पंचेचाळीस. मुद्रितशोधकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाई साऱ्या जगाला फसवतील, यांना कशा फसवणार? त्यांनी पंचेचाळीस खोडून ठसठशीत चोपन्न केलं.

सकाळी ते मुद्दाम लवकर आले. टेलिफोनवर बसणाऱ्या बाई अंक उघडून बघत होत्या.

"चोपन्न? काहीतरीच! चाळिशीची वाटते हो."

"खरं वय आहे ते. मी त्याच दिवशी जन्मलोय."

बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्यांच्या टकलाकडे.

"अगंबाई, तुम्ही चोपन्नच? मला वाटलं, यंदा रिटायर होताय."

दिवसभर कचेरीत गायिकेच्या तजेल्याचीच चर्चा चालली. शिपायानं तर तिचा फोटो कापून भिंतीवर चिकटवला. मुद्रितशोधक उद्याचा रकाना तपासत बसले, पण दर दोन ओळींनी नजर भिंतीकडे जायची आणि नुसता जळफळाट व्हायचा.